सूत्रधाराच्या हातातला कागद

मिरजेच्या इतिहासातलं काहीही विचारा, आमचे सर आधी वासुदेवशास्त्री खऱ्यांकडे जायचे. जन्म गुहागरचा, १८५८ चा, साताऱ्यात संस्कृत शिकले, थोडे दिवस पुण्यात काढले आणि मग मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे मास्तर झाले ते १९२४ ला जाईपर्यंत मिरजेचेच होऊन राहिले. नोकरी मास्तरकीची, पण हा माणूस मिरजेचे संस्थानिक पटवर्धन, त्यांच्या दप्तरातली मोडीची पत्रं वाचत बसायचा, निवडायचा, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत उतरवायचा आणि त्याचे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून एकामागून एक खंड काढत राहिला. नाना फडनवीसांचं चरित्र १८९२ चं, इचलकरंजी संस्थानचा इतिहास १९१३ चा. आणि याच माणसाने 'गुणोत्कर्ष', 'उग्रमंगल', 'शिवसंभव' अशी नाटकंही लिहिली. सरांना त्यांच्यात सगळ्यात जास्त काय आवडायचं तर हेच. एकाच टेबलावर एका बाजूला पत्रं, जिथे एक अक्षर पदरचं घालायचं नाही, आणि दुसऱ्या बाजूला नाटक, जिथे सगळं पदरचंच घालायचं. हे दोन्ही एका माणसाला कसं जमत असेल हा सरांचा आयुष्यभराचा प्रश्न होता आणि मला वाटतं सरांनी स्वतःच्या परीने त्याचं उत्तर काढलं होतं, त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहिते.

सरांचं नाव लिहीत नाही कारण त्यांनाच ते आवडलं नसतं. सांगली-मिरजेच्या पट्ट्यातली एक साधी शाळा, तिथे ते मराठी आणि इतिहास शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर नाटक. रविवारी सायकल, नंतर लूना काढून गावोगाव. तालुक्यातल्या गावांच्या इतिहासावर त्यांनी पुस्तक लिहिलं, स्वतःच्या पीएफमधून पैसे काढून छापलं, त्याचे गठ्ठे कित्येक वर्षं पलंगाखाली होते आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकाला काकू चहाबरोबर एक प्रत द्यायच्या, "घेऊन जा गं, तेवढीच झाडायला जागा होईल" म्हणायच्या. पण त्यातलं कुठलं पान कुठे आहे हे काकूंना तोंडपाठ असायचं. प्रुफं त्यांनीच तपासलेली ना.

आमच्या भागात नाटक शिकवणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना थोडं सांगायला पाहिजे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं, राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि तिथून मराठी रंगभूमी धरतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतात तो त्यासाठीच. हरिपूर, जिथे कृष्णा आणि वारणा मिळतात, ते गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. खाडिलकर सांगलीचे. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून पहिल्यांदा उभे राहिले ते १९०५ साली मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. म्हणजे इथे कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तरी कुणीतरी मोठं माणूस तिथून गेलेलं असतं. याचा तोटा असा की शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी तेच भाषण, 'नाट्यपंढरी सांगली', मग हार, मग नारळ. सर त्या भाषणाला मागे उभे राहायचे आणि संपलं की आम्हाला विचारायचे, बरं भाव्यांचं नाटक चालायचं कसं ते सांगा की.

आम्हाला कुठलं माहीत. मग सर सांगायचे. कर्नाटकातून भागवत मेळे सांगलीत आले, ते बघून राजेसाहेबांनी भाव्यांना असं आपल्याकडे कर म्हणून सांगितलं. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार कथेची पदं म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं जागच्या जागी करायची. लिहिलेलं असायचं ते सूत्रधाराचं, पात्रांचं उत्स्फूर्त. पुढे १८५१ ला चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, तेव्हा भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईला खेळ केले. हे सगळं बरेच जण सांगतात. पण सरांनी त्या जुन्या पद्धतीतून जे काढलं ते मी दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही.

ते असं होतं. आम्ही इतिहासावरचं नाटक बसवायचो तेव्हा स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात सूत्रधार उभा, हातात कागद. सूत्रधार फक्त जे कागदात आहे तेच वाचणार, शब्दाला शब्द. पत्र असेल तर पत्र, सनद असेल तर सनद, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली आठवण असेल तर "अमुक गावच्या एका आजोबांनी सांगितलं" असं म्हणून त्यांच्याच भाषेत. आणि मधोमध पात्रं, ती काय हवं ते बोलणार, रडणार, भांडणार, कारण ते आमचं. प्रेक्षकाला एकदा कळलं की मग त्याला बरोबर समजायचं, कोपऱ्यातून येतंय ते सापडलेलं, मधून येतंय ते पोरांनी रचलेलं. सर म्हणायचे नाटकाला खोटं बोलायची मुभा आहे पण प्रेक्षकाला फसवायची नाही. मी सूत्रधार असायचे बहुतेक वेळा, आवाज मोठा म्हणून. एकदा मी भावनेच्या भरात कागदातल्या वाक्याला एक 'हाय रे दैवा' जोडला आणि काय टाळी पडली! रिहर्सलच होती पण बाकीच्या पोरांनी वाजवल्या. सरांनी थांबवलं, रागावले नाहीत, म्हणाले हे छान आहे, हे तू तिकडे मधे जाऊन म्हण. आणि खरंच ते वाक्य एका पात्राला दिलं.

मोडी शिकवायची पद्धतही नाटकातलीच. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद धरत नाहीत. वर रेघ आखून घ्यायची आणि तिच्याखाली बोरू फारसा न उचलता लिहीत जायचं. त्यामुळे अक्षरं ओळखता आली तरी वाचता येतंच असं नाही. सर फळ्यावर लिहायचे, 'पत्रपावलेनाहीतरीस्वारनिघावे', आणि म्हणायचे, म्हण मोठ्याने. एकजण म्हणाला, पत्र पावले नाही तरी स्वार निघावे. म्हणजे पत्र मिळो न मिळो, निघायचंच. दुसरी म्हणाली, पत्र पावले नाही, तरी स्वार निघावे. जुन्या पत्रांत 'तरी' म्हणजे 'म्हणून' असं असतं, त्यामुळे हा तर पत्र न मिळाल्याने काढलेला नवा हुकूमच झाला. तिसरा एक वात्रट होता, तो म्हणाला, पत्र पावले, नाही तरी स्वार निघावे. सगळे हसले पण सरांनी तेही फळ्यावर लिहिलं आणि विचारलं की हा माणूस कोणाला लिहितोय, चिडलाय का, घाईत आहे का, रात्र झालीय का. श्वास कुठे घेईल? नट जसा वाक्यात श्वास शोधतो तसं इथे शोधायचं. अर्थात नुसत्या श्वासावर भागत नाही, पुढची मागची पत्रं लागतात, मायना म्हणजे पत्राची सुरुवात बघायला लागते. 'विज्ञापना ऐसीजे' असेल तर धाकटा थोरल्याला लिहितोय, मग हुकमी वाक्य असं कसं असेल? मोडी मोठ्याने वाचायची ही सवय मला अजून आहे, ऑफिसच्या मेलसुद्धा मी पुटपुटत वाचते.

आवाजाच्या व्यायामाला इतर शाळांत सारेगम किंवा ओंकार. आमच्याकडे इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. एका दमात, मग उलटे. शुहूर सनातले हे अरबी आकडे पेशवाईच्या पत्रांत साल लिहायला यायचे. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७७४-७५. दोन आकडे का, तर हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची, त्यांना मृग कधी निघतो हे सांगायची गरज नव्हती, पेरणीचं वर्ष ते वर्ष एवढं म्हटलं की झालं. मला जानेवारीत सुरू होणाऱ्या वर्षापेक्षा ते वर्ष जास्त पटायचं, खरं सांगते.

एक वीरगळाची गोष्ट सांगते. एका गावात देवळाच्या मागे वीरगळ, म्हणजे लढाईत गेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड होता, तेल शेंदूर लावून लावून गुळगुळीत झालेला. वीरगळ खालून वर वाचतात. खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचं मरण, मधे अप्सरा त्याला घेऊन जातात, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय. याच्या खालच्या चौकटीत मागे गायी होत्या म्हणजे गोधन वाचवताना गेलेला माणूस, असे वीरगळ पुष्कळ मिळतात. पण वीराच्या हातात काय ते दिसेना. गावात सांगायचे हातात निशाण आहे, हा मोठा सरदार होता. सरांनी आमच्यातल्या एका पोराला शेजारी उभं केलं आणि म्हणाले अगदी तसाच उभा राहा. गुडघा किती वाकलाय बघ, डावा हात सरळ का? सरळ. उजवा? कानाच्या मागं, सर. मूठ? बंद. कंबर कुठं वळलीय? पोरगा वळला, हात ताणला, आणि बघता बघता तो बाण ओढणारा माणूस दिसायला लागला. धनुष्य दगडावरून झिजून गेलं होतं पण शरीर राहिलं होतं. मग दोन पोरं गायी झाली, तीन समोरचे लुटारू झाले, देवळातल्या म्हाताऱ्या बायका हसून हसून दमल्या. सरांनी वहीत काय लिहिलं? 'बहुधा धनुर्धर. उभे राहण्याच्या ढबीवरून. आयुध झिजले आहे.' बस. पुस्तकातही तेवढंच छापलं.

गावातल्या काही जणांना ते लागलं, सरदाराचा साधा धनुर्धर केला म्हणून. अशी नाराजी सरांच्या वाट्याला बरीच आली. प्रत्येक वाड्याला वाटतं आपला पूर्वज पानिपतावर होता. सर त्या घरी जायचे, तासन्तास ऐकायचे, पेटाऱ्यातले कागद मागायचे आणि कागदात तसं काही नसेल तर लिहायचे, 'अशी घराण्यातील समजूत आहे, कागद मिळाला नाही'. एका घराने त्यावरून प्रकाशनाच्या कार्यक्रमावर बहिष्कार टाकला, जेवणाचे पैसे तेच देणार होते. सरांनी वाक्य बदललं नाही. पण समजूतही गाळली नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ते म्हणायचे, त्या घरात दोनशे वर्षं पोरांना हे सांगत आलेत ना, मग ते सांगणंसुद्धा इतिहासातच येतं, फक्त त्याची जागा वेगळी. आता व्हॉट्सॲपवर रोज एक शौर्यगाथा येते, त्यात राजे लोक सिरियलसारखे संवाद म्हणतात, आणि ते खरंच बोलले होते असं पोरांना वाटतं. मला त्याचा मनापासून त्रास होतो. अभिमान नको असं नाही, आमच्या सरांना काय कमी अभिमान होता? परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत पडले, ते शिकवताना त्यांचा आवाज बसायचा. पण शेवटच्या क्षणी भाऊ काय म्हणाले हे कुणी विचारलं की म्हणायचे, ते मला ठाऊक नाही, तुम्ही पात्राला द्या हवं ते.

आम्ही केलेल्या सगळ्या नाटकांत गाजलं ते सांगलीचा तुरुंग फोडल्याचं. २४ जुलै १९४३, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तुरुंगातून निसटले, गोळीबार झाला, काहीजण मारले गेले, दादा जखमी झाले. आम्ही ते करत होतो तेव्हा तो काळ बघितलेली माणसं हयात होती. सरांनी आम्हाला सांगितलं घरोघरी जा आणि एकच प्रश्न विचारा, त्या दिवशी तुम्ही कुठे होता. 'काय झालं' असं विचारायचं नाही, कारण काय झालं ते सगळे पेपरातलं सांगतात. कुठे होता विचारलं की माणूस स्वतःचं सांगतो. एक आजी म्हणाल्या, मी पाणी भरत होते आणि फटाके वाजले असं वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल म्हटलं तर आषाढात कसलं लग्न. हे वाक्य सूत्रधाराने, म्हणजे मी, जसंच्या तसं वाचलं आणि प्रयोगात सभागृह एकदम शांत झालं. त्यानंतर आजी पुढच्या रांगेत बसल्यात हे सरांनी सांगितलं नाही, तेही मला आवडलं.

मग २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली, सरांचं घर तर नदीकडच्याच भागात. सर तोवर रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले, बोटीतून त्यांना आणि काकूंना काढलं. पाणी उतरल्यावर आम्ही जुनी मुलं गेलो. माळ्यावरच्या ट्रंका फुगलेल्या, सगळीकडे तो चिखल, ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय कसा असतो. गंमत नाही, पण एक गोष्ट तिथे बघितली ती विसरणार नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद, हातकागद आणि काजळीची शाई, ते बऱ्यापैकी तग धरून होते. पानं चिकटलेली पण अक्षर दिसत होतं. आणि सरांच्या स्वतःच्या वह्या, चाळीस वर्षांच्या, शाईच्या पेनने लिहिलेल्या, त्या उघडल्या तर निळं पाणी. नुसतं निळं. काकू पहिल्यांदा तेव्हा रडल्या.

उन्हात घालायचे नाहीत, सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या कागदांच्या मधे ठेवून, असं करत आम्ही हॉलभर कागद पसरले. वह्यांमधे सरांनी गावोगावच्या घरांत बसून उतरवून घेतलेल्या जुन्या पत्रांच्या नकला होत्या, त्यातली कितीतरी मूळ पत्रं आता त्या घरांतही नाहीत, कुणी रद्दीत दिली, कुणाच्या वाळवीने खाल्ली. छापील पुस्तकात त्यांतली थोडीच आली होती.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, एकजण कागद उलटता उलटता सहज म्हणायला लागला, 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी', आणि पुढे चालूच राहिला, अख्खं पत्र. तो आठवीत सूत्रधार होता. पावसाअभावी शेतसारा माफ करावा म्हणून एका पाटलाने लिहिलेलं पत्र, त्यावर आमचं नाटक होतं. मग मला माझी आठवायला लागली. मग व्हॉट्सॲप ग्रुप केला, पुण्यातून, बंगळुरूतून, एक तर मस्कतमधून, वेगवेगळ्या बॅचचे सूत्रधार व्हॉइस मेसेज पाठवायला लागले. शब्दाला शब्द वाचायचं हा नियम असल्यामुळे पाठांतरही तसंच झालेलं. मधल्या पात्रांची भाषणं कुणालाच नीट आठवत नव्हती, ती दर प्रयोगाला बदलायची. पण कोपऱ्यातलं आठवत होतं.

सरांनी ते सगळे मेसेज ऐकले, डोळे मिटून, काही ठिकाणी मान हलवली. आम्हाला वाटलं झालं, वह्या परत मिळाल्या. सर म्हणाले, "चांगलं आहे, सगळं लिहून काढा. आणि वर लिहा, स्मरणावरून." कुणीतरी म्हणालं, सर पण हे तुमच्याच नकलेतलं आहे की, बरोबरच असणार. "असेल की. पण कागद नाही आता. दोघांनी वेगवेगळं सांगितलं असेल तिथे दोन्ही छापा, कुणी सांगितलं ते घाला." एवढं सगळं गेल्यावरही हा माणूस हेच म्हणतो, मला तेव्हा रागच आला होता थोडा. आता ती यादी करताना कळतं की त्यांनी ते नसतं सांगितलं तर आम्ही केव्हाच सगळं एकत्र कालवून टाकलं असतं.

त्यानंतर सर फार दिवस नव्हते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती आम्ही करतोय, काकू प्रुफं बघतात, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून अक्षर मोठं करून प्रिंट द्यायला लागते. त्यात तीन प्रकारची पत्रं वेगळी केलीत, मूळ कागद आहे ती, छापील पुस्तकात आलेली, आणि स्मरणावरून. तिसऱ्या भागातल्या एका पत्रावर सध्या ग्रुपमधे भांडण चालू आहे. साऱ्याच्या त्याच पत्रात 'माफ न केल्यास गाव उठेल' असं होतं असं एक म्हणतो, आणि दुसरी, त्याच्यानंतर चार वर्षांनी सूत्रधार झालेली, म्हणते की 'गाव उठला' असंच होतं, म्हणजे लोक तोवर निघूनच गेले होते. दोघंही ठाम आहेत. त्या गावच्या पुढच्या दोन वर्षांच्या पत्रांत वस्तीचा काही उल्लेख सापडतो का ते बघायचं काम माझ्याकडे आलंय, ती पत्रं पुरातून वाचलेल्या गठ्ठ्यात आहेत, पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत आणि घाई करून चालणार नाही. तोपर्यंत दोन्ही छापतोय.